‘नाही’ आणि ‘नव्हे’ : ओळखीच्या दाव्यातील नकाराची सिद्धता

१

अस्तित्वाचा नकार आणि तादात्म्याचा नकार यांसाठी मराठीत दोन निराळी क्रियारूपे आहेत. ‘भाऊसाहेब नाहीत’ या वाक्याने भाऊसाहेबांचे असणेच नाकारले जाते. ‘हे भाऊसाहेब नव्हेत’ या वाक्याने भाऊसाहेबांच्या असण्यानसण्याविषयी काहीच सांगितले जात नाही. समोर उभा असलेला मनुष्य आणि भाऊसाहेब ही एकच व्यक्ती आहे, एवढेच नाकारले जाते. बोलण्यात ‘नाही’ने ‘नव्हे’ची जागा पुष्कळशी व्यापली असली, तरी लेखी भाषेत हा भेद अद्याप जिवंत आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. मनुष्याच्या ओळखीविषयीचे जे वाद न्यायासनापुढे गेले, त्यांतील बहुतेक अडचणी याच दोन रूपांमधील अंतरातून उद्भवल्या आहेत.

मराठी वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. पुढे आपणच भाऊसाहेब आहोत असे म्हणणारा एक मनुष्य उभा राहिला. त्याला पकडून कैदेत ठेवण्यात आले. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यातून त्याची सुटका झाली आणि पाहता पाहता कोकणचा बराच मुलूख त्याच्या हाती गेला. त्याच वर्षी बंड मोडून त्याला पुण्यात देहान्त शासन देण्यात आले. या प्रसंगावर न. चिं. केळकरांनी ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, ते १९१३ मध्ये पुढे आले. नाटकाच्या नावातच निर्णय आहे. ‘तोतया’ हा शब्द उच्चारला की वाद संपतो. परंतु पुणे दरबारापुढचे काम इतके सोपे नव्हते. हा मनुष्य भाऊसाहेब नव्हे, एवढे म्हणून भागण्यासारखे नव्हते. तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण आहे, असे म्हणावे लागले. नकाराला स्वतःचे पाय नव्हते, म्हणून त्याला दुसऱ्या एका होकाराच्या खांद्यावर बसवावे लागले. शिवाय तोतयाला शिक्षा झाल्याने भाऊसाहेब रणात पडल्याचे काही सिद्ध झाले नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नव्हते आणि या निर्णयाने ते स्वीकारण्याचे नवे कारणही त्यांना मिळाले नाही. ‘नव्हे’ ठरले, ‘नाही’ ठरायचे राहून गेले.

२

ओळखीचा दावा खोटा ठरवण्याचे मार्ग मोजकेच आहेत. पहिला मार्ग म्हणजे मूळ व्यक्ती मरण पावल्याचे दाखवणे. येथे ‘नाही’वरून ‘नव्हे’ काढले जाते. दुसरा मार्ग म्हणजे दावेदार कोणी दुसराच आहे असे दाखवणे. तिसरा म्हणजे दोघांना एकाच वेळी लागू पडू शकणार नाही असा एखादा विशेष दाखवणे : पायाचे माप, जखमेचा वण, हस्ताक्षर, भाषा. चौथा मार्ग न्यायालयाच्या हाती नसतो. मूळ पुरुष स्वतः दारात येऊन उभा राहिला तरच तो मोकळा होतो. फ्रान्समधील आर्तिगा येथील मार्तँ गेर याच्या खटल्यात १५६० साली तूलूझच्या न्यायालयापुढे असेच घडले. आर्नो द्यु तील हा दावेदार जवळजवळ सुटण्याच्या बेतात असताना लाकडी पायाचा खरा मार्तँ परत आला. निर्णय न्यायाधीशांच्या तर्काने झाला नाही, तो योगायोगाने झाला. खटल्यातील एक न्यायाधीश झाँ द कोरास यांनी १५६१ मध्ये या प्रकरणावर ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथात विजयापेक्षा विस्मय अधिक आहे, तो याच कारणाने.

पहिले तिन्ही मार्ग एकाच प्रकरणात चोखाळले गेले आणि तिन्ही अपुरे पडले, असे उदाहरण बंगालमधील भावाल खटल्याचे होय. पार्थ चटर्जी यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथामुळे या खटल्याची पुन्हा चर्चा झाली. ग्रंथाच्या नावात ‘राजवंशी तोतया’ या अर्थाच्या शब्दांपुढे प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह कितपत समर्थनीय आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

३

ढाक्याजवळील भावाल ही पूर्व बंगालमधील मोठ्या जमिनदाऱ्यांपैकी एक होती. तिच्या तीन कुमारांपैकी मधले रमेंद्रनारायण राय १९०९ च्या एप्रिलमध्ये प्रकृतीसाठी दार्जिलिंगला गेले. तेथे ८ मे रोजी त्यांचा मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. बारा वर्षांनंतर, १९२१ च्या आरंभी, ढाक्याच्या नदीकाठी एक भस्मधारी संन्यासी दिसू लागला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, जयदेवपूर येथे, त्याने आपण रमेंद्रनारायण असल्याचे सांगितले. त्याची हकीकत अशी : दार्जिलिंगला विषप्रयोग झाला, मृत समजून देह स्मशानात नेला गेला, वादळी पावसामुळे माणसे आडोशाला गेली, त्या वेळी नागा साधूंनी आपल्याला उचलून नेले, स्मृती गेली आणि ती पुष्कळ वर्षांनी परतली. बहीण ज्योतिर्मयीदेवींनी त्याला भाऊ म्हणून ओळखले. पत्नी विभावतीदेवींनी मात्र अखेरपर्यंत त्याला पती मानले नाही.

जमिनदारी त्या वेळी कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात होती. ३ जून १९२१ रोजी कलेक्टर लिंडसे यांनी जाहीर नोटीस काढली. कुमाराचा देह बारा वर्षांपूर्वी दार्जिलिंगला भस्मसात झाल्याचा निर्णायक पुरावा मिळाला आहे, सबब संन्यासी तोतया आहे, असा तिचा आशय होता. या नोटिशीची तर्करचना लक्षात घेण्याजोगी आहे. संन्याशाला न तपासता त्याच्याविषयी निर्णय दिला आहे. ‘तो नाही, म्हणून हा तो नव्हे’ असा हा न्याय आहे. आधारविधान खरे असेल तर निष्कर्ष अटळ, हे खरे. परंतु सारा वाद आधारविधानाविषयीच होता. दार्जिलिंगला मृत्यू कोणत्या वेळी झाला, प्रेत कोणी नेले, पाऊस पडला की नाही, दहन एकदा झाले की दोनदा, या प्रत्येक प्रश्नावर पुढे परस्परविरुद्ध साक्षी झाल्या. दाहसंस्कारात पुरावा स्वतःच जळून जातो, ही हिंदू कुटुंबातील मृत्यू सिद्ध करताना येणारी विशेष अडचण येथे पूर्ण तीव्रतेने प्रकटली.

दुसऱ्या मार्गाने जाताना प्रतिवादी पक्षाने संन्यासी हा पंजाबमधील औजला गावचा मालसिंग असल्याचे प्रतिपादले. पुणे दरबाराच्या सुखनिधानाची जी जागा, तीच येथे मालसिंगाची. १९३० मध्ये दाखल झालेला दावा ढाक्याचे न्यायाधीश पन्नालाल बसू यांच्यापुढे १९३३ च्या अखेरीस सुनावणीस आला. सुमारे दीड हजार साक्षीदार तपासले गेले, त्यांपैकी हजाराहून अधिक वादीच्या बाजूचे होते. २४ ऑगस्ट १९३६ रोजी पाचशेहून अधिक पानांचा निकाल वादीच्या बाजूने लागला. कलकत्ता हायकोर्टात कॉस्टेलो व विश्वास या न्यायमूर्तींनी तो १९४० मध्ये कायम केला, लॉज यांनी भिन्नमत नोंदवले. ३० जुलै १९४६ रोजी प्रिव्ही कौन्सिलने विभावतीदेवींचे अपील फेटाळले. त्यानंतर थोड्याच दिवसांत वादीचा मृत्यू झाला.

प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय विधिवाङ्मयात प्रसिद्ध आहे, तो ओळखीच्या मीमांसेसाठी नव्हे. वस्तुस्थितीविषयी खालच्या दोन न्यायालयांचे निष्कर्ष एक आले, तर अपवादात्मक कारणावाचून त्यांत हस्तक्षेप करावयाचा नाही, या नियमाच्या विवरणासाठी तो उद्धृत केला जातो. म्हणजे सर्वोच्च पायरीवर ‘हा तो आहे काय’ हा प्रश्न नव्याने विचारला गेला नाही. ‘हा प्रश्न पुन्हा विचारावयाचा काय’ हा विचारला गेला आणि त्याचे उत्तर नकारार्थी आले. कायद्याने वाद संपवला. वाद संपणे आणि शंका संपणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

४

चटर्जी यांच्या ग्रंथाचे मोठे गुण दोन. एक म्हणजे त्यांनी वाचकाला दप्तरखान्यात नेऊन बसवले. निकालाची घाई केली नाही. दुसरा म्हणजे, शरीराचे सातत्य, स्मृतीचे सातत्य आणि लोकांची मान्यता यांपैकी कशाने मनुष्य ‘तोच’ ठरतो, या तात्त्विक प्रश्नाला त्यांनी खटल्याच्या प्रत्यक्ष तपशिलात उतरवले. याशिवाय ब्रिटिश प्रशासनाने तोतया ठरवलेल्या मनुष्याला भारतीय न्यायाधीशाने कुमार ठरवावे, यात त्यांना राष्ट्रवादाचा एक अप्रकट इतिहास दिसतो. हे प्रतिपादन विचारार्ह आहे.

तथापि शीर्षकातील प्रश्नचिन्हाने एक गोष्ट झाकली जाते. १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्याने वस्तुस्थितीच्या दोन नव्हे, तीन अवस्था सांगितल्या होत्या : शाबीत, नाशाबीत, आणि शाबीत न झालेली. त्या कायद्याच्या जागी आलेल्या व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे त्रैविध्य कायम आहे. ‘नाशाबीत’ म्हणजे ती गोष्ट नाहीच, अशी न्यायालयाची खात्री होणे, किंवा शहाण्या माणसाने तसे धरून चालावे इतके ते संभाव्य वाटणे. ‘शाबीत न झालेली’ म्हणजे शाबीतही नाही, नाशाबीतही नाही. पहिल्यात नकार वस्तुस्थितीला लागतो. दुसऱ्यात तो सिद्धतेला लागतो. भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा नकाराच्या व्याप्तीचा भेद होय.

अडचण अशी की, नित्याची भाषा हा भेद टिकू देत नाही. ‘तो येईल असे वाटत नाही’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला ‘तो येणार नाही असे वाटते’ असेच म्हणावयाचे असते. मुख्य वाक्यातला नकार अर्थाने गौण वाक्यात उतरतो. त्याच न्यायाने ‘हा रमेंद्र असल्याचे शाबीत झाले नाही’ हे वाक्य ऐकणारा ‘हा रमेंद्र नसल्याचे शाबीत झाले’ असे ऐकतो. उलट बाजूनेही हाच घोटाळा होतो : ‘हा मालसिंग असल्याचे शाबीत झाले नाही’ याचा अर्थ ‘म्हणजे हा रमेंद्रच’ असा घेतला जातो. दिवाणी दाव्यात सिद्धतेचा भार वादीवर असतो. प्रतिवादीने मालसिंग उभा करावा असे कायदा सांगत नाही. परंतु एकदा तो उभा केला आणि तो कोसळला, की त्याचे वजन दुसऱ्या पारड्यात पडल्यासारखे होते. प्रश्नचिन्ह ‘तोतया?’ या एका शब्दापुढे ठेवल्याने दोन प्रश्न एक होतात : दावा खरा होता काय, आणि तो खोटा असल्याचे दाखवता आले काय. भावालच्या निकालाचे मूल्यमापन करताना हे प्रश्न वेगळे ठेवणे अगत्याचे होते.

५

तिसऱ्या मार्गातील विशेषांत भाषेचा पुरावा सर्वांत भुरळ घालणारा आहे. वण कोरता येतो, हकीकत पाठ करता येते. पण जिभेचे वळण लपत नाही, असा सार्वत्रिक समज आहे. भावाल खटल्यात या पुराव्याला महत्त्व आले. संन्यासी आरंभी हिंदी बोलत असे. पुढे तो बंगाली बोलू लागला, तेव्हा तिच्यात परका हेल होता. प्रतिवादींच्या मते हा बंगाली शिकलेला पंजाबी होता. वादीच्या मते हा हिंदी भाषक साधूंत बारा वर्षे राहिलेला बंगाली होता.

या वादाशी ताडून पाहण्याजोगा खटला इंग्लंडातील टिचबोर्न घराण्याचा. रॉजर टिचबोर्न यांचा जन्म १८२९ मध्ये पॅरिसला झाला आणि सोळाव्या वर्षापर्यंत ते फ्रान्समध्ये वाढले. १८५४ मध्ये ते जहाजासह बेपत्ता झाले. १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियातील वागा वागा येथील एका खाटकाने आपण रॉजर असल्याचे सांगितले. आईने त्याला पुत्र म्हणून स्वीकारले; पण त्याला फ्रेंच येत नव्हते. दिवाणी दावा १८७२ मध्ये कोसळला. फौजदारी खटल्यात १८७४ मध्ये त्याला खोट्या साक्षीबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली आणि तो वॉपिंगचा आर्थर ऑर्टन असल्याचे ठरले. येथेही शेवटी दुसरे नाव लागलेच. १८९८ मध्ये तो मरण पावला तेव्हा त्याच्या शवपेटीवरील पट्टीवर मात्र टिचबोर्न हेच नाव होते.

दोन्ही प्रकरणांत खंड बारा वर्षांचाच आहे. एकात भाषा पूर्णपणे गेलेली, दुसऱ्यात तिचा केवळ हेल बदललेला. आजच्या भाषाशास्त्राला यांत स्पष्ट भेद करता येतो. अगदी लहानपणी तुटलेली भाषा जवळजवळ निःशेष जाऊ शकते. तीन ते आठ वर्षे वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या व्यक्तींचा जो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रौढपणी कोरियनचा मागमूस आढळला नाही. मार्तँ गेरचे कुटुंब बास्क प्रदेशातून आलेले होते आणि दावेदाराला बास्क येत नसे. परंतु तो प्रदेश सोडताना मार्तँ जेमतेम दोन वर्षांचा होता. घरात ती भाषा किती चालू राहिली, हे कळल्यावाचून या अज्ञानाचे मोल ठरत नाही. याउलट सोळा वर्षे फ्रेंचमध्ये वाढलेल्या माणसाने ती समूळ विसरावी, हे फारच दुर्घट. पंचविशीच्या आसपास भाषा सोडलेल्या माणसाचे काय होते? शब्द लवकर सापडत नाहीत, दुसऱ्या भाषेतील शब्द मध्ये येतात, उच्चार सरकतो. पण व्याकरणाचा गाभा सहसा ढळत नाही.

म्हणजे भावालच्या संन्याशाचा परका हेल दोन्ही कथांशी सारखाच सुसंगत होता. दोघे बोलतील ते वरवर एकसारखेच ऐकू येईल. भेद असलाच तर तो चुकांच्या प्रमाणात नव्हे, त्यांच्या जातीत असणार. विसरलेला मनुष्य अडखळतो. नव्याने शिकलेला न अडखळता चुकतो. ढाक्याकडील बोलीतील जी रूपे प्रतिष्ठित लेखी बंगालीत नाहीत, ती त्याच्या तोंडी अनवधानाने येतात काय, हा निर्णायक प्रश्न होता. त्या प्रश्नाची साधनेही त्या काळी अगदीच नव्हती असे नाही. ग्रिअर्सनच्या भाषापाहणीत पूर्व बंगालच्या बोलींचे नमुने होते. सुनीतिकुमार चटर्जी यांचा बंगालीच्या उत्पत्तिविकासावरील ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. तरीही युक्तिवाद बोलण्याच्या परकेपणाभोवती फिरत राहिला. पार्थ चटर्जी यांच्या ग्रंथाचा रोख तत्त्वज्ञान व राजकीय इतिहास यांकडे असल्याने, त्यांनीही हा पुरावा इतर पुराव्यांच्या रांगेत ठेवून दिला आहे. ग्रंथातील सर्वांत समृद्ध पण न खणलेली जागा कोणती असेल तर ती हीच.

६

न्यायालयाच्या संयमाचे उत्तम उदाहरण जर्मनीत सापडते. आपण रशियाच्या झारची कन्या अनास्तासिया आहोत, असा अ‍ॅना अँडरसन या स्त्रीचा दावा होता. तिला रशियन समजे असे पाठीराखे म्हणत; पण ती बोलत नसे. अनेक वर्षे चाललेल्या दाव्याच्या शेवटी, १९७० मध्ये, कार्ल्सरूच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तिचा दावा शाबीत झालेला नाही, पण तो खोटा असल्याचेही ठरलेले नाही, अशी भूमिका कायम ठेवली. तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, जपून राहिलेल्या ऊतीच्या नमुन्याची डीएनए परीक्षा झाली. ती झारच्या कुटुंबातील नव्हती. फ्रान्सिस्का शान्झकोव्स्का या पोलिश कामगार स्त्रीच्या नातलगाशी नमुना जुळला. पहिल्यांदाच ‘नव्हे’ला स्वतःचे पाय मिळाले.

यावरून १९७० चा निर्णय चुकला होता असे म्हणता येईल काय? मुळीच नाही. न्यायालयाने आपल्या ज्ञानाविषयी विधान केले होते आणि ते त्या ज्ञानाइतकेच होते. याउलट १९२१ ची लिंडसे यांची नोटीस वस्तुस्थितीच्या दृष्टीने खरी असणे शक्य आहे. तरीही तर्क म्हणून ती सदोषच राहते, कारण तिच्या हाती जेवढे होते त्याहून ती अधिक बोलली. निर्णयाची गुणवत्ता आणि निर्णयाचे सत्यत्व यांची गल्लत होऊ नये, हा या सर्व प्रकरणांचा धडा होय.

हा धडा आता केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. १९९० नंतरच्या दशकांत युरोपातील कित्येक सरकारांनी आश्रय मागणाऱ्यांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण करून, ते सांगतात त्या देशाचे आहेत की नाहीत, हे ठरवण्याची पद्धत स्वीकारली. तेथे राजपुत्र नसतात, दीड हजार साक्षीदार नसतात. अर्ध्या-पाऊण तासाची मुलाखत आणि तिच्यावरील एक अहवाल असतो. अहवालात ‘नव्हे’ आले तर माणूस परत पाठवला जाण्याचा संभव असतो. २००४ मध्ये काही भाषाशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. भाषेवरून मनुष्य कोणत्या भाषिक समाजात घडला याविषयी सांगता येईल, त्याचे राष्ट्रीयत्व सांगता येणार नाही, आणि आपल्या मताची निश्चिती किती, हे तज्ज्ञाने स्पष्ट केले पाहिजे, असा त्यांचा आग्रह आहे.

हा आग्रह किती रास्त आहे, हे मराठीच्या एका उदाहरणाने ध्यानात येईल. तंजावरकडील मराठी भाषकांची कुटुंबे सतराव्या शतकापासून तमिळ परिसरात मराठी बोलत आली आहेत. पुण्याच्या प्रमाणभाषेचा कान घेऊन बसलेला परीक्षक त्यांपैकी एखाद्याचा हेल ऐकेल आणि ‘हा मराठी भाषक नव्हे, मराठी शिकलेला तमिळ आहे’ असे मोठ्या विश्वासाने लिहून देईल. तो प्रामाणिक असेल आणि संपूर्ण चुकलेला असेल. त्याने एवढेच लिहावयास हवे होते की, हा पुण्याकडचा असल्याचे दिसून आले नाही.

‘दिसून आले नाही’ आणि ‘नव्हे’ यांतील अंतर वाक्यात दोन-चार अक्षरांचे आहे. न्यायाधीशाला ते अंतर सिद्धतेच्या भाराच्या नियमाने कधी ना कधी ओलांडावेच लागते; निर्णय न देता त्याला उठता येत नाही. भाषेच्या अभ्यासकावर तशी सक्ती नाही. त्याने ते अंतर न्यायाधीशाच्या वतीने आधीच ओलांडून ठेवू नये, तर ते किती आहे हे मोजून सांगावे. साक्षीदार म्हणून त्याचे काम तेवढेच आहे आणि ते थोडे नाही.